दप्तरें निराळीं, कारभार एक

मोठ्या संस्थेचा कारभार जवळून पाहिलेल्या कोणाही गृहस्थास एक गोष्ट परिचयाची असते. एकाच मनुष्याचें नांव तीन वह्यांत तीन तऱ्हांनीं लिहिलेलें असतें. शाळेचेंच उदाहरण घ्या. जनरल रजिस्टरांत मुलाची जन्मतारीख एक, फीच्या पुस्तकांत पत्ता जुना, आणि हजेरीपटांत आडनांवाचें ऱ्हस्व-दीर्घ निराळें! प्रत्येक वही लिहिणारा आपल्यापुरता दक्ष असतो. तरीही तीन वह्या मिळून एक सत्य सांगत नाहींत. आज ज्या विचाराचा इतिहास मी सांगणार आहें, तो या साध्या अडचणींतूनच निघालेला आहे. संगणकाच्या व्यवहारांत त्यास ‘सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर’ म्हणतात. आपण त्यास सेवाभिमुख रचना म्हणूं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाश्चात्य देशांतील बँका, कारखाने आणि सरकारी खातीं यांनीं संगणक घेतले, ते एकेका कामासाठीं. पगारपत्रकाची व्यवस्था एक, मालाच्या साठ्याची दुसरी, गिऱ्हाइकांच्या हिशेबाची तिसरी. वह्या गेल्या, पण वह्यांचा जुना दोष यंत्रांत उतरला. एका खात्यास दुसऱ्याची माहिती लागली कीं, त्या दोन व्यवस्थांमध्यें एक खास दुवा जोडावयाचा, अशी रीत पडली. अशा दहा व्यवस्था परस्परांस जोडावयाच्या, तर पंचेचाळीस दुवे लागतात. आणि त्यांतील एक बदलली कीं तिचे नऊही दुवे पुन्हां बांधावे लागतात. संस्था जितकी मोठी, तितका हा गुंता अधिक.

गुंता सोडविण्याचें सूत्र १९७२ सालीं डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाच्या एका निबंधांत सांपडतें. मोठ्या आज्ञावलीचे भाग पाडतांना ते केवळ कामाच्या क्रमानें पाडूं नयेत; जो निर्णय पुढेंमागें बदलण्याचा संभव आहे, तो एकेका भागाच्या पोटांत झांकून ठेवावा आणि इतरांस त्या भागाचें फक्त दार दिसावें, असें त्याचें प्रतिपादन होतें. पोस्टाच्या पेटींत पत्र टाकणारास टपालखात्याची आंतील व्यवस्था ठाऊक असावी लागत नाहीं. पत्ता कसा लिहावा आणि तिकीट किती लावावें, एवढें कळलें म्हणजे पुरे. तद्वत् हें समजावें.

याच जातीचा विचार सबंध संस्थेच्या कारभारास लावण्यांत आला, त्यास नांव मिळालें १९९६ सालीं. गार्टनर या अमेरिकन सल्लागार संस्थेंतील रॉय शुल्टे आणि येफिम नाटिस यांनीं आपल्या टिपणांत सेवाभिमुख रचना हा शब्दप्रयोग केला. तिचें तात्पर्य असें कीं, प्रत्येक खात्यानें आपली माहिती आपल्याकडेच ठेवावी. मात्र इतरांनीं कोणता प्रश्न कोणत्या रूपांत विचारावा, आणि त्यास उत्तर कोणत्या रूपांत मिळेल, याचा जाहीर करार करावा. त्या कराराप्रमाणें केलेलें काम म्हणजे सेवा. एका दारानें दहा जणांचें काम भागतें, आणि घरांतील मांडणी बदलली तरी दार बदलावें लागत नाहीं.

या विचाराची किंमत कळण्यास जवळजवळ एकाच काळीं हातीं घेतलेल्या दोन सरकारी योजनांची तुलना उपयोगी पडते.

पहिली इंग्लंडची. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठीं २००२ सालीं संगणकीकरणाची एक प्रचंड योजना आंखण्यांत आली. देशाचे विभाग पाडून ते मोठमोठ्या कंत्राटदारांकडे सोंपविले गेले, आणि त्या त्या विभागांतील रुग्णालयांनीं वरून ठरलेलीच रुग्णनोंदीची पद्धत वापरावी, असा संकल्प होता. ज्यांनीं ती नोंद रोज करावयाची, त्या डॉक्टरांचा व परिचारिकांचा सल्ला पुरेसा घेतला गेला नाहीं. कंत्राटें लांबलीं, कांहीं कंत्राटदार मध्येंच बाहेर पडले, आणि २०११ सालीं सरकारनें ती योजना मोडीत काढीत असल्याचें जाहीर केलें. २०१३ सालीं पार्लमेंटच्या हिशेब समितीपुढें आलेला खर्चाचा अंदाज सुमारें ९८० कोटी पौंडांचा होता. तथापि या पडझडींत जें टिकलें, तें मोठें बोधप्रद आहे. डॉक्टरची औषधाची चिठ्ठी औषधविक्रेत्याकडे पोंचविणारी व्यवस्था टिकली. क्ष-किरणांचीं चित्रें साठविणारी व दाखविणारी व्यवस्था टिकली. रुग्णाची ओळख पटविणारी सामायिक नोंद टिकली. ज्या भागानें एकच नेमकी सेवा दिली तो जगला. ज्यानें प्रत्येकाच्या घरांत शिरून एकाच सांच्याचा संसार मांडूं पाहिला तो मोडला.

दुसरी योजना एस्टोनियाची. बाल्टिक समुद्राच्या कांठचें हें राष्ट्र १९९१ सालीं पुन्हां स्वतंत्र झालें. लोकसंख्या अवघी तेरा-चौदा लक्ष, म्हणजे आपल्या पुणें शहराहूनही पुष्कळच कमी; आणि तिजोरीही बेताचीच. लोकसंख्येची नोंद एका खात्याकडे, वाहनांची दुसऱ्याकडे, कराची तिसऱ्याकडे. या राष्ट्रानें तीं सर्व दप्तरें एका विशाल भांडारांत ओतलीं नाहींत. २००१ सालच्या डिसेंबरांत त्यानें ‘एक्स-रोड’ नांवाचा जणूं एक राजमार्ग खुला केला. प्रत्येक खात्यानें आपल्या दारीं एक सुरक्षित पहारेकरी-संगणक बसवावयाचा. एका खात्याचा प्रश्न दुसऱ्याच्या दाराशीं थेट जातो, आणि उत्तर थेट परत येतें; मध्यें कोणतेंही भांडार नाहीं. निरोप गुप्त लिपींत असतो, त्यावर पाठविणाऱ्याची मोहोर आणि वेळेची नोंद असते, आणि कोणास काय विचारूं द्यावयाचें हें माहितीचा धनी ठरवितो. पुढें तर एकच माहिती गोळा करण्यासाठीं दुसरें दप्तर उभारण्यास तेथील कायद्यानेंच मनाई केली. शेजारच्या फिनलंडनें हीच पद्धत स्वीकारली, आणि २०१७ सालीं दोन्ही राष्ट्रांनीं तिच्या संगोपनासाठीं एक संयुक्त संस्था स्थापन केली.

माझ्या मतें एस्टोनियाचें खरें शहाणपण यंत्रांत नसून त्या मनाईंत आहे. कोणती नोंद खरी, आणि ती चुकल्यास जबाब कोणीं द्यावयाचा, हा निवाडा तेथें झाला. ज्यांनीं तो केला नाहीं, त्यांची गत काय झाली हें खाजगी कंपन्यांच्या इतिहासांत दिसतें. सेवाभिमुख रचना ही दरम्यान फॅशन होऊन बसली. तिच्या नांवानें महागडीं साधनें विकलीं गेलीं; अनेक संस्थांनीं तीं विकत घेतलीं, पण खात्यांमधील जुन्या भिंती आणि जुने हेवेदावे तसेच राहूं दिले. २००९ च्या जानेवारींत बर्टन ग्रुप या सल्लागार संस्थेच्या एका विश्लेषिकेनें ही रचना मृत झाल्याचें जाहीरच करून टाकलें. सेवेचा विचार मात्र जिवंत आहे, असेंही तिनें त्यांतच नमूद केलें. साधन विकत मिळतें; जबाबदारीची वाटणी विकत मिळत नाहीं.

आपल्याकडील एक दाखला आपणां सर्वांच्या हातांत आहे. मुंबईस मुख्य कार्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें २०१६ सालीं यूपीआय ही पद्धत सुरू केली. माझें खातें एका बँकेंत, भाजीवालीचें दुसऱ्या बँकेंत, आणि मोबाइलमधील ॲप तिसऱ्याच कंपनीचें. तरी पैसे पोंचतात. बँकांनीं आपल्या खतावण्या एकत्र केल्या नाहींत. त्यांनीं निरोपाचें रूप तेवढें एक केलें. येथें निरोप मधल्या एका केंद्रावरून जातात, हा एस्टोनियाच्या पद्धतीहून फरक. आणि तें केंद्र वा एखाद्या बँकेची व्यवस्था अडली कीं दुकानापुढें आपण ताटकळतों, हाही अनुभव आहे. अनेकांनीं एका सेवेवर भार टाकला, तर तिच्या आजारपणाची तरतूदही योजनेंतच हवी.

याहून मोठा धोका आणखी एक आहे. दप्तरें बोलूं लागलीं म्हणजे वृद्ध मनुष्याचे हेलपाटे वांचतात, हें खरें. पण तींच दप्तरें त्याच्या पाठीमागेंही बोलूं शकतात. एस्टोनियांत आपली नोंद कोणत्या कार्यालयानें केव्हां पाहिली, हें अनेक दप्तरांच्या बाबतींत नागरिकास स्वतः पाहतां येतें. हा हक्क नसेल तर सोय आणि पाळत यांत अंतर उरत नाहीं.

म्हणून एखाद्या पतपेढीच्या, रुग्णालयाच्या वा शिक्षणसंस्थेच्या समितीवर आपणांपैकीं कोणी असेल, आणि नव्या संगणकव्यवस्थेचा प्रस्ताव समोर येईल, तेव्हां किंमतीच्या आधीं तीन प्रश्न विचारावे. या नोंदीचा धनी कोण? इतरांनीं ती कोणत्या करारानें मागावयाची? आणि जिची ती नोंद आहे, त्या व्यक्तीस ती कोणीं पाहिली हें कळेल काय? या तिहींचीं उत्तरें कागदावर येईपर्यंत खरेदीच्या ठरावावर सही करूं नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.