चूल, बर्फ आणि वजन : अमेरिकेतील लहान प्रवासी ट्रेलरच्या सामानाचा इतिहास

मोटारीमागे जोडून ओढत नेता येईल, आत दोघांना निजता येईल आणि मागच्या बाजूस स्वयंपाकापुरती जागा असेल अशी लहान घरगाडी, म्हणजेच प्रवासी ट्रेलर, अमेरिकेत दोन महायुद्धांच्या दरम्यान रूढ झाली. तिच्यात कोणते सामान घ्यावे आणि कोणते घरी ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता ज्याच्या त्याच्या आवडीचा वाटतो. परंतु गेल्या शंभर-दीडशे वर्षांतील साधनांकडे पाहिले असता, ही निवड प्रवाशाच्या हौसेपेक्षा इंधनाने आणि वजनानेच अधिक ठरवली, असे दिसून येते.

या गाडीच्या स्वयंपाकघराचा मूळ नमुना मोटारीच्याही आधीचा आहे. गुरांचे मोठे कळप शेकडो मैल हाकत नेणाऱ्या टेक्सासमधील चार्ल्स गुडनाइट याने १८६६ मध्ये सैन्यातून निकाली निघालेली एक भक्कम गाडी घेतली आणि तिच्या मागच्या टोकाला खण व कप्पे असलेली लाकडी पेटी बसवली. पेटीचे झाकण बिजागरीवर खाली उघडे आणि एका पायावर टेकवले की त्याचेच कामाचे टेबल होई. पीठ, घेवडा, खारवलेले मांस आणि कॉफी यांना ठरलेली जागा होती, आणि ओढायला जनावरे असल्यामुळे ओतीव लोखंडाची जड भांडी नेण्यातही अडचण नव्हती. ‘चक-वॅगन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या गाडीची मांडणी पुढे सत्तर वर्षांनी लहान ट्रेलरच्या शेपटीत जवळजवळ तशीच उतरली. बदलली ती चूल.

मोटार सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यावर हिवाळ्यात फ्लोरिडाकडे जाऊन तंबूत राहणाऱ्यांची संख्या वाढली, आणि १९१९ मध्ये टॅम्पा येथे अशा प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटना स्थापन केली. सार्वजनिक तळांवर एकाच वेळी अनेक कुटुंबे उतरू लागली की सरपण पुरेनासे होते, आणि पावसात ओली लाकडे पेटवणे हे सुटीतले काम नव्हे. म्हणून द्रवरूप इंधनाच्या स्टोव्हला महत्त्व आले. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ च्या सुमारास तयार केलेला ‘प्राइमस’ मराठी घरांनाही परिचित आहे : टाकीत पंपाने हवा भरायची, दाबाने वर चढलेल्या रॉकेलची तापलेल्या नळीत वाफ होते आणि ती वाफ जळते. अमेरिकेत हेच तत्त्व पेट्रोलला लावून लोकप्रिय करण्याचे श्रेय बहुतांशी कॅन्ससमधील विचिटा येथील विल्यम कोलमन यांच्या कारखान्याकडे जाते. कारखान्याचा पहिला जम बसला तो दिव्यांवर. १९१४ च्या त्याच्या कंदिलात ज्योतीऐवजी ‘मॅन्टल’ म्हणजे थोरियमच्या क्षारात बुडवलेली कापडी जाळी असे; कापड जळून जाई आणि उरलेली ऑक्साइडची नाजूक राख तापून पांढरा लखलखीत प्रकाश देई. आपल्याकडील लग्नमांडवातली गॅसबत्ती याच जातीची. जगभरच्या मॅन्टलना लागणाऱ्या थोरियमचा एक मोठा साठा त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत होता, हे या इतिहासातले भारताशी जुळणारे एक दुर्लक्षित सूत्र आहे.

कोलमन कारखान्याचा प्रवासी स्टोव्ह १९२३ मध्ये बाजारात आला. मिटला की बॅगेसारखा हातात धरता येणारा, उघडला की झाकणाचाच वाऱ्याला आडोसा करणारा दोन शेगड्यांचा स्टोव्ह हे लहान गाडीसाठी उत्तम उत्तर होते, कारण एकीवर भात किंवा बटाटे शिजत असताना दुसरीवर कॉफी ठेवता येई. आरंभी मोटारीचेच पेट्रोल चुलीतही चालावे, ही सोय मोठी होती. मात्र इंजिनातील ठोके कमी करणारे शिसेमिश्रित पेट्रोलही त्याच वर्षी विक्रीस आले आणि त्याच्या काजळीने वाफ करणारी नळी तुंबू लागली, त्यामुळे पुढे चुलीसाठी शुद्ध पेट्रोलचा निराळा डबा बाळगणे भाग पडले.

ट्रेलरचे घरगुती रूप याच सुमारास आकाराला येत होते. डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शेरमन यांनी १९२९ मध्ये विकत आणलेली घडीची गाडी जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे पाच मिनिटांत उभी राहीना, तेव्हा त्यांनी सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब अशी कायम उभ्या भिंतींची खोली चाकांवर बांधून घेतली, तिच्यात स्टोव्ह, बर्फपेटी आणि कपाटे बसवली आणि पुढे त्याचाच कारखाना काढला. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीमने १९३६ मध्ये ॲल्युमिनियमची ‘क्लिपर’ ही मोठी, देखणी गाडी आणली. ज्यांना हे परवडत नव्हते त्यांच्यासाठी अश्रूच्या थेंबासारख्या आकाराचा, चार फूट रुंद व आठ फूट लांब ‘टिअरड्रॉप’ ट्रेलर होता. प्लायवुडचा एक पूर्ण तक्ता नेमका त्याच मापाचा असल्यामुळे तो घरी बांधणेही सोपे होते. त्याच्या आत फक्त गादी असे आणि स्वयंपाक मागचे झाकण वर उचलून उघड्यावर उभे राहून करावा लागे. ही गैरसोय नव्हे, शहाणपण होते. बंद जागेत जळणाऱ्या स्टोव्हमुळे विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो, वाफेने पांघरुणे दमट होतात आणि तळणीचा वास जाता जात नाही. चूल आत आली त्या गाड्यांना खिडक्या, धुराडे आणि उंच छत द्यावे लागले, आणि पाहता पाहता त्या लहान राहिल्या नाहीत.

थंडाव्याच्या बाबतीतही साधेपणाच टिकाऊ ठरला. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणून जाड अस्तराच्या पेटीत मोठी लादी ठेवली की वीज नसताना दूध आणि मांस टिके. फोडलेला बर्फ लवकर वितळतो, हे अनुभवाने सर्वांना ठाऊक झाले. स्वीडनच्या फॉन प्लाटेन आणि मुन्टर्स या विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधलेला, ज्योतीच्या उष्णतेवर चालणारा शीतकपाट मोठ्या ट्रेलरमध्ये रुळला. पण तो जड आणि महाग होता, शिवाय गाडी समपातळीत उभी केल्याशिवाय तो नीट चालत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचे शिल्लक सामान स्वस्तात बाजारात आले. झोपण्याच्या पिशव्या, घडीच्या खाटा, खिशात मावणारे छोटे स्टोव्ह आणि जर्मन नमुन्यावरून घेतलेला वीस लिटरचा ‘जेरीकॅन’ यांनी प्रवाशांची सोय झाली. पण भरलेल्या एका कॅनमध्ये पाण्याचेच वजन वीस किलो असते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडदांड्यावर पडावा लागतो. जड वस्तू मागे कोंबल्या की हा भार घटतो आणि वेगात गाडी डावी-उजवीकडे झोले खाऊ लागते. म्हणून पाणी व डबाबंद अन्न खाली, आसाजवळ, आणि अंथरूण-कपडे कोठेही, ही रीत पडली.

कॅनडातील विनिपेग येथे १९६८ मध्ये आलेला तेरा फुटी ‘बोलर’ फायबरग्लासचा होता, आणि त्याचा निर्माता रे ओलेको याने त्याआधी त्याच पदार्थाच्या हलक्या मलटाक्या बनवल्या होत्या. हलक्या कवचामुळे लहान मोटारीलाही चूल, बर्फपेटी आणि बिछाने असलेले घर ओढता आले. एव्हाना पेट्रोलची जागा दाबाखाली द्रवरूप ठेवलेला प्रोपेन घेत होता. उणे ४२ अंशांपर्यंत त्याची आपोआप वाफ होत असल्यामुळे पंप मारण्याची आणि नळी आधी तापवण्याची कटकट संपली. पुढे किरणोत्सर्गी थोरियमची जाळी मागे पडली आणि एलईडी दिव्यांनी जाळीचीच गरज जवळपास संपवली. मिटून ठेवता येणाऱ्या दोन शेगड्यांच्या स्टोव्हला मात्र लहान ट्रेलरमध्ये अजून त्याहून सोयीचा पर्याय मिळालेला नाही.