वस्तऱ्यावरील खूण

पैनगंगेकाठच्या देऊळघाटापासून थेट वसईपर्यंत, जुन्या घरांच्या पेटाऱ्यांत केव्हातरी एखादा गंजलेला वस्तरा हाती लागतो. तो घासून लखलखीत करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि त्यापूर्वी तो वाचावा, असे आम्ही सुचवू इच्छितो.

पाते जेथे मुठीत बसते, तेथील अरुंद भागावर बहुधा कारखान्याची मुद्रा आढळते. इंग्लंडातील शेफिल्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन ही वस्तऱ्यांची नामांकित गावे. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स पेढीची खूण म्हणजे तारा आणि माल्टाचा क्रूस. पाचरीसारखे जाड पाते सामान्यतः अधिक जुने. दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले नंतरचे. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून ‘इंग्लंड’ असा ठसा असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा मानतात. ठसा नसणे हा मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे.

त्याच १८९० साली मुंबईत वस्तऱ्याच्या इतिहासातील एक थोर घटना घडली. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने शेकडो न्हावी एकत्र जमले आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असा त्यांनी निश्चय केला. ती क्रूर रूढी एका सभेने संपली नाही. परंतु ज्यांच्या हातून अन्याय करवून घेतला जात होता, त्यांनीच हात आवरला. धोकटीवर पोट असलेल्या माणसांनी हे करावे, याचे मोल मोठे आहे.

आपल्या ख्रिस्तसभेतही केस कापण्याचा विधी होता. धर्मगुरुपदाच्या मार्गावर पाऊल ठेवणाऱ्या तरुणाचे थोडे केस समर्पणाची खूण म्हणून कापीत. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली हा विधी रद्द केला. तेथे स्वेच्छेने अर्पण होते. विधवेच्या बाबतीत सक्ती होती. वस्तरा दोहोंचा साक्षी होऊ शकतो. भेद पोलादात नसून माणसाच्या मनात असतो.

म्हणून साक्षीदाराचे तोंड बंद करू नये. तांबडा गंज तेल लावून, मऊ फडक्याने हळूहळू काढावा. काळसर डाग राहू द्यावेत. विजेच्या चाकावर पाते तापले, तर पोलादाचे पाणी उतरते आणि मुद्राही झिजून जाते. हस्तिदंती वा शिंगाची मूठ पाण्यात भिजवू नये. धारेला तडा असल्यास तो वस्तरा केवळ जतन करावा, वापरू नये.

लखलखाट पुन्हा आणता येतो. पुसलेली खूण आणता येत नाही. आजोबांच्या वस्तऱ्यासोबत तो कोणी, कोठे वापरला, हेही चार ओळींत लिहून ठेवावे. पुढच्या पिढीला पात्याइतकीच त्या ओळींची गरज भासेल.