बेसच्या पेटीला ट्वीटर हवा का? आवाजाच्या इतिहासातला एक छोटा प्रश्न

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जण बुचकळ्यात पडले असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने स्पीकरच्या पेटीवर काय बोलावं? पण प्रश्न आम्ही निवडला नाही. तो आमच्याकडे चालत आला.

आमचा नातू आणि त्याचे चार मित्र इथे परभणीत गाण्याचा एक ग्रुप चालवतात. भीमजयंतीला भीमगीतं, सप्ताहाच्या सांगतेला अभंग, लग्नसराईत मिळेल ते. नातू बेस गिटार वाजवतो. वर्षभराच्या बिदागीतून थोडे थोडे बाजूला काढून त्यांनी बेससाठी स्वतःची पेटी घ्यायचं ठरवलं. दोन पेट्या पाहून ठेवल्या होत्या. दोन्हींत दहा-दहा इंची दोन स्पीकर. फरक एवढाच, की एकीत वर छोटा ट्वीटर होता आणि ती महाग होती. नातू म्हणाला, "आबा, तुम्ही सांगा. बेस म्हणजे खालचा आवाज. त्याला वरचा स्पीकर कशाला पाहिजे?" आम्ही लगेच म्हणालो, "नको." ते उत्तर कसं चुकलं, हे सांगण्यासाठीच आज उभे आहोत. पण त्याआधी थोडा इतिहास बघू या.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. कामाने हिशेबनीस, आणि लिहिला 'संगीतरत्नाकर'. आपल्या जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची जुनी देवळं आपण पाहिली असतील. तो सगळा यादवांचाच मुलूख. शार्ङ्गदेव नादाची तीन स्थानं सांगतो: मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात. आणि प्रत्येक वरचं स्थान खालच्याच्या दुप्पट. आता लक्षात घ्या, ही तीन वेगळी माणसं नाहीत. एकाच देहातली तीन स्थानं आहेत. खर्ज लावणाऱ्या गवयाचंही मस्तक धडावरच असतं.

आपली वाद्यंही हेच सांगतात. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, म्हणून तो भरदार, खोल बोलतो. उजव्या तोंडाला शाई, म्हणून तो स्वरात बोलतो. या शाईमुळे कातड्याचे वरचे नाद मूळ स्वराशी सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये दाखवलं होतं. ढोल-ताशाचं पथक घ्या. ढोल कितीही असू देत, चाल कोण देतो? ताशा. ढोल छातीत बसतो, पण हात कधी पडला हे कानाला ताशा सांगतो. सप्ताहात मृदंगासोबत टाळ असतात ते याचसाठी. खालच्या आवाजाला वजन असतं, वरच्या आवाजाला धार असते. वजनाने आवाज जाणवतो, धारेने तो कळतो.

मग विजेचा आवाज आला. आज आपण जो स्पीकर ओळखतो, म्हणजे चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेला कागदी शंकू, त्याचा पाया अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडला. पण आमच्या लहानपणी गावात आला तो शंकू नव्हे, कर्णा. मंडपवाला बैलगाडीतून बॅटरी, अँप्लिफायर आणि दोन कर्णे आणायचा. एक लिंबाच्या झाडावर, दुसरा देवळाच्या कळसाजवळ. कर्ण्याचा गुण असा, की थोड्या विजेत तो आवाज शिवारापर्यंत फेकतो. आणि दोष असा, की तोंडाच्या आकारामुळे काहीशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ मुकाच. परिणाम काय झाला? बुवांचा शब्द शेतात ऐकू येऊ लागला, टाळ किणकिण टोचू लागले, आणि मृदंगाचा डावा हात गायब! कित्येक वर्षं आपण कीर्तन ऐकलं ते असं, नुसतं मस्तक, हृदय नाही.

पुढे लंबक उलटा फिरला. साउंडवाल्यांकडे 'बेस' आणि 'टॉप' अशा वेगळ्या पेट्या आल्या. मग ट्रकवर बेसच्या भिंती चढल्या. आता कुणाच्या छातीत धडधडतं, कुणाच्या खिडकीची तावदानं वाजतात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहाच्या बंदीवर ठाम भूमिका घेतली. तरी एक गोम आहे बरं का. मोजणी होते ती 'ए' भाराच्या डेसिबलमध्ये. या मापात ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात, कारण माणसाचा कान खालच्या आवाजाला मंद असतो. पण भिंत काही मंद नसते. खालचा आवाज भिंतीतून आरपार जातो आणि पलीकडच्या आजाऱ्याच्या खाटेला हलवतो. असो. हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आता बेस गिटारकडे येऊ. लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणलं. त्याआधी खालचे स्वर वाजवायला माणसाएवढा उंच, उभा डबल बेस लागायचा, आणि ड्रम-गिटारच्या गलक्यात तो बिचारा ऐकूही यायचा नाही. नव्या वाद्याची सर्वात जाड तार वाजते ४१ हर्ट्झवर. पुढच्याच वर्षी फेंडरनेच त्यासाठी 'बेसमन' अँप्लिफायर काढला, त्यात पंधरा इंची एकच स्पीकर. १९६९ साली अँपेग कंपनीने ३०० वॉटचा 'एसव्हीटी' आणला आणि त्याच्यासोबत दहा इंची आठ-आठ स्पीकरच्या कपाटाएवढ्या पेट्या. ट्वीटर कशातच नाही. आणि तरीही त्या काळातला बेस आजही उत्तम मानला जातो. आमच्या 'नको'ला हा भक्कम पुरावा होता.

पण इतिहास तिथे थांबला नाही. लॅरी ग्रॅहम नावाचा वादक आईसोबत गायला-वाजवायला जायचा. साथीला ड्रमवाला नव्हता. मग त्याने अंगठ्याने तारेवर ठोका मारून मोठ्या ड्रमची जागा भरली आणि बोटाने तार ओढून सोडून छोट्या ड्रमची. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच माणसाने ढोल आणि ताशा दोन्ही वाजवले. ही 'स्लॅप'ची पद्धत पुढे जगभर गेली. त्याच सुमारास गोल तारेचं वेटोळं असलेल्या, चकचकीत बोलणाऱ्या तारा लोकप्रिय झाल्या. वाद्याच्या हातात आता ताशा आला होता, पण पेटीला तो बोलता येत नव्हता. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या एसडब्ल्यूआर कंपनीने 'गोलायथ' नावाची, दहा इंची चार स्पीकर आणि वर ट्वीटर असलेली पेटी काढली, ती या गरजेतून. म्हणजे बघा, पेटी बदलली कारण आधी हात बदलला.

यातलं शास्त्र थोडक्यात सांगतो. तार ४१ हर्ट्झवर छेडली तरी ती एकट्या ४१वर बोलत नाही. ८२, १२३, १६४ असे वरचे नादही सोबत निघतात, आणि नख किंवा अंगठा लागल्याची खरखर तर काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. गंमत अशी, की मूळ ४१ गाळलं तरी वरच्या नादांवरून मेंदू खालचा स्वर ओळखतो. आपण ट्रान्झिस्टरवर परभणी केंद्राचं गाणं ऐकायचो. तळहाताएवढा स्पीकर, त्यात खर्ज कुठला? तरी बायाँ कुठं घुमला ते कळायचंच. खालच्या स्वराची ओळख वरच्या नादांत असते.

दुसरी गोष्ट दिशेची. न्याय-वैशेषिकांनी शब्द कानापर्यंत कसा येतो याची दोन उत्तरं दिली. एक वीचीतरंगन्याय: पाण्यातल्या लाटेमागून लाट यावी तसा. दुसरं कदंबगोलकन्याय: कदंबाच्या फुलासारखा सर्व बाजूंनी एकदम फुटणारा. त्यांच्या डोळ्यांपुढे स्पीकर नव्हता. दृष्टान्त आम्ही आमच्या जबाबदारीवर वापरतो. ४१ हर्ट्झची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब. दहा इंची, म्हणजे पंचवीस सेंटिमीटरचा स्पीकर तिच्यापुढे ठिपका. ती कदंबासारखी चहूकडे फुटते. ३००० हर्ट्झची लाट जेमतेम अकरा सेंटिमीटर. ती त्याच स्पीकरमधून बॅटरीच्या झोतासारखी समोर जाते. म्हणून बाजूला उभ्या असलेल्या गायकाला नुसतं 'घूं' ऐकू येतं, ठोका येत नाही. छोटा ट्वीटर तीच धार पसरून देतो. त्याच्याकडे खालचा आवाज जाऊ नये म्हणून वाटेत कपॅसिटर असतो. त्याचे तोटेही आहेत. अँप्लिफायर कुवतीबाहेर ताणला की आधी जळतो तो ट्वीटर. वायरीतली सुंसूं तोच ऐकवतो. आणि मुद्दाम फाटलेला आवाज वापरणाऱ्यांना तो कर्कश वाटतो.

हे सगळं आम्ही मुलांना समजावलं आणि शेवटी पुन्हा म्हणालो, "तरी नको." मुलं हुशार. म्हणाली, "आबा, ऐकूनच ठरवू." दुकानदार भला माणूस होता. दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या. नातवाने तोच तुकडा आधी एकीवर वाजवला, मग दुसरीवर. आम्ही विजयी मुद्रेने म्हणालो, "काही फरक आहे का?" पोरं एकमेकांकडे बघू लागली. गाणारी मुलगी हळूच म्हणाली, "आबा, खूप फरक आहे."

फरक आम्हांला ऐकू आला नव्हता. पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. खालच्या आवाजाला रेघ ठीक चालते आणि वरच्या आवाजाकडे जाताना उतारावरून घसरत जाते. वय हे एक कारण. दुसरं आम्हांलाच आठवलं. लहानपणी सप्ताहात जागा धरून आम्ही बसायचो ते थेट कर्ण्याखाली, मान वाटायचा तो.

चाळीस वर्षं आम्ही वर्गात अनुपलब्धी शिकवली. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, एखादी वस्तू न दिसणं हेही ती नसल्याचं प्रमाण असू शकतं. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणजे घडा नाही. पण त्याला एक अट आहे: योग्यता. घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत 'घडा दिसत नाही' म्हणण्याला काही अर्थ नाही. परीक्षेत हा प्रश्न आम्ही किती वेळा घातला असेल! आणि दुकानात मात्र स्वतःच्या अंधाऱ्या खोलीतून पोरांना ठामपणे सांगत होतो, की फरक नाही. गरज नाही असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा अर्थ एवढाच असतो, की ती आपल्याला जाणवत नाही. कर्ण्याच्या काळात मृदंगाचा डावा हात कुणी मागितला नाही. तो नको होता म्हणून का? आपण त्याच्याशिवाय ऐकायला शिकलो होतो, एवढंच.

मग शेवटी काय ठरलं? निर्णय मुलांनी घेतला. आम्ही फक्त प्रश्न मांडून दिले. एक: तुम्ही वाजवता कसं? नुसत्या बोटांनी, जुन्या मवाळ तारांवर वाजवत असाल, तर ट्वीटरला बोलायला फारसं काही उरत नाही. दोन: पेटी कुणासाठी? साउंडवाला बेसची वायर थेट मिक्सरमध्ये घेत असेल, तर लोकांना ऐकू येतं ते त्याच्या टॉपमधून. तुमची पेटी मंचावरच्यांसाठी उरते. पण खेड्यातल्या चौकात पुष्कळदा बेसला मिक्सरवर जागाच मिळत नाही, तेव्हा तीच पेटी सगळ्यांसाठी. तीन: ट्वीटरला कमी-जास्त करायचं बटण आहे का? असलेला ट्वीटर बंद करता येतो, नसलेला सुरू करता येत नाही. पण बटण नसेल तर हा युक्तिवाद लंगडा पडतो, हेही सांगितलं. त्यांनी बटण असलेली पेटी घेतली. कमी पडलेले पैसे दोन लग्नांच्या बिदागीतून फेडले, आमच्याकडून घेतले नाहीत.

यंदाच्या भीमजयंतीला आम्ही मंचाच्या बाजूला खुर्चीवर बसलो होतो. ट्वीटरचं बटण त्यांनी निम्म्यावर ठेवलं होतं. आम्हांला ऐकू आला तो मृदंगाच्या डाव्या हातासारखा खोल, गोल आवाज. गाणारी मुलगी मात्र प्रत्येक ठोक्यावर मान हलवत होती आणि तिचा ताल एकदाही सुटला नाही. तिला जे ऐकू येत होतं ते आम्हांला येत नव्हतं. पण ते तिथं आहे, हे तिच्या मानेवरून कळत होतं. शास्त्रात यालाच अनुमान म्हणतात.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, फक्त थोडं मोठ्यानं आणि समोरून.