दोन काठ आणि एक घंटा

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या माजघरातला विजेचा बोर्ड जळाला. खोलीत धूर कोंडला, पण मला काही जाग आली नाही. हिला खोकल्याची उबळ आली, ती उठली, म्हणून आज हे लिहितोय. जर्मनीत माइन्झ शहरी असलेल्या पुतण्याला फोनवर सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न, "काका, घरात धुराची घंटा नाही?"

मी हसलो. म्हटलं, अरे, शहागडात चूल पेटली की रोज वाजेल ती! तो हसला नाही. म्हणाला, "ती स्वयंपाकघरात नसतेच, निजायच्या खोलीत असते. झोपेत नाक झोपतं काका, कान जागा असतो."

मग त्याने जे सांगितलं ते इतिहासाच्या मास्तराला आवडणारं निघालं. माइन्झ ऱ्हाइन नदीच्या एका काठावर, समोर वीसबाडेन. १९४५ साली महायुद्ध संपल्यावर नदीच्या एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला अमेरिकन फौजा बसल्या. माइन्झचे पलीकडच्या काठावरचे काही भाग त्यामुळे वीसबाडेनकडे गेले. त्यातल्या एकाचं नाव आजही माइन्झ-कास्टेल आहे!

पुढे हे दोन काठ दोन राज्यांत गेले, आणि तिथे बांधकामाचे कायदे राज्यं करतात. माइन्झच्या राज्याने नव्या घरांना घंटा डिसेंबर २००३ मध्ये सक्तीची केली, देशात सर्वांत आधी. वीसबाडेनच्या राज्याने जून २००५ मध्ये. जुन्या घरांना इकडे जुलै २०१२ पर्यंत मुदत, तिकडे २०१४ अखेरपर्यंत. म्हणजे कास्टेलच्या जुन्या घरातल्या माणसाला जवळपास अडीच वर्षं जास्त सवलत मिळाली, ती साठ-सत्तर वर्षांपूर्वी फौजांनी आखलेल्या रेषेमुळे. धुराला ती रेषा कुठे ठाऊक?

आम्हीही नदीकाठचेच. गोदावरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे बीड जिल्हा. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले १ मे १९८१ रोजी जालन्याचे झालो. पण या बाबतीत आमचे दोन्ही काठ सारखेच. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा, अंमल डिसेंबर २००८ पासून. त्याचा रोख उंच इमारती, दवाखाने, गोदामं यांच्यावर. बैठ्या घरात निजणाऱ्या म्हातारा-म्हातारीला घंटा लावा असं सांगायला कुणी येत नाही.

येण्याची वाट मी पाहिली नाही. पुतण्याने दिवाळीला येताना दोन घंटा आणल्या, एक निजायच्या खोलीत, एक बोळात लावली. दर महिन्याच्या एक तारखेला काठीच्या टोकाने बटण दाबून बघतो. घंटा किंचाळते, ही कानांवर हात ठेवून म्हणते, "पुरे आता, आहे जिवंत!"

घंटा की मी, ते अजून विचारलं नाही. असो. तुमच्या घरी आहे का?