दूरस्थ संगणकसाहाय्य : 'नेट चालत नाही' म्हणजे नेमके काय?

जळगाव आणि धुळ्यातील अनेक घरांत संगणक असतो. पण तो जाणणारा मुलगा वा मुलगी शिक्षण-नोकरीनिमित्त पुणे, मुंबई, नाशिक वा सुरतेस गेलेली असते. यंत्र अडले की मदतीची हाक इंटरनेटवरून वा दूरध्वनीवरून जाते. मदत करणाऱ्याला यंत्र दिसत नाही. हाती असते ते केवळ समोरच्याचे वर्णन. त्यामुळे अशा मदतीचे यश तांत्रिक ज्ञानाइतकेच नेमक्या प्रश्नोत्तरांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

जळगावात १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाची ओळख सामान्य घरांपर्यंत नेली. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची 'डेटावन' सेवा सुरू झाली. ब्रॉडबँड म्हणविण्यास तेव्हा २५६ केबीपीएस वेग पुरेसा होता.

त्या काळातील खास मराठी अडचण म्हणजे पडद्यावर देवनागरी अक्षरांऐवजी दिसणारे चौकोन. विंडोज एक्सपीच्या कंट्रोल पॅनेलमधून भारतीय लिपींची सोय मूळ सीडीवरून बसविली की अक्षरे उमटत. दोष संकेतस्थळाचा नसून आपल्याच यंत्राचा आहे, हे मराठी वापरकर्त्यांनी एकमेकांना इंटरनेटवरून समजावले.

निदानाचा क्रम

'नेट चालत नाही' ही तक्रार आहे, निदान नव्हे. दोष तारेत, राउटरमध्ये, संगणकात किंवा सेवा देणाऱ्या कंपनीकडे असू शकतो. म्हणून प्रथम तीन गोष्टी विचाराव्यात : पडद्यावरील संदेश शब्दशः काय आहे, बिघाड कधीपासून आहे आणि त्यापूर्वी काय बदलले? त्याच वाय-फायवर भ्रमणध्वनी चालत असेल, तर दोष बहुधा संगणकातच असतो. फायबर जोडणीच्या उपकरणावर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशसंकेतच पोहोचत नाही. तेथे कंपनीकडे तक्रार नोंदविणे हाच मार्ग.

संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेला नाही. 'पिंग' आज्ञेला आकडी पत्त्यावरून उत्तर येते, पण संकेतस्थळाच्या नावाने येत नाही, असे असल्यास नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा तपासावी. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा कोणत्या उपायाने गुण आला, हे कळत नाही.

हवामानाचा वाटा

खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. चालू केल्यावर काही वेळाने आपोआप बंद पडणारा संगणक अनेकदा विषाणूने नव्हे, तर पंख्यात साठलेल्या धुळीने व उष्णतेने बंद पडतो. वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेचा झटका तांब्याच्या तारेतून मोडेमपर्यंत पोहोचू शकतो. विजेच्या कमी-अधिक दाबाचाही विचार करावा लागतो. दूरच्या शहरात बसलेल्या मदतनीसाने हे प्रश्न आवर्जून विचारावेत.

नियंत्रण कोणाच्या हाती?

एक्सपीबरोबर २००१ मध्ये आलेल्या 'रिमोट असिस्टन्स'पासून दुसऱ्याचा संगणक दुरून हाताळणे घरगुती वापरकर्त्यांनाही सुलभ झाले. हीच सोय पुढे ठकसेनांनी वापरली. एनीडेस्कसारख्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले. यंत्राचा ताबा केवळ ओळखीच्या व्यक्तीला, आपण स्वतः संपर्क साधला असेल तरच द्यावा. 'तुमच्या संगणकात विषाणू आहे' असे सांगत स्वतःहून येणारा दूरध्वनी बंद करावा. ओटीपी वा परवलीचा शब्द कोणासही सांगू नये. बँकेचे पान उघडे असताना ताबा देऊ नये. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब झाल्यास रक्कम अडविणे कठीण होते.

मदतनीसानेही पथ्य पाळावे. महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी काढून घ्यावी, प्रत्येक कृती करण्यापूर्वी ती सांगावी आणि शक्यतो माउस मालकाच्याच हाती ठेवावा. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुन्या यंत्रांबाबत तशी कल्पनाही द्यावी. काम झाल्यावर दोष व उपाय दोन ओळींत लिहून ठेवल्यास पुढच्या वेळी घरातील ज्येष्ठांना तो स्वतःच करता येतो.