मधलं मोठं भोक

जुन्या रेकॉर्डींच्या नादाला लागलं की पहिला प्रश्न हाच, या सात इंची तबकडीला मधे एवढं मोठं भोक कशाला? १९४८ मध्ये कोलंबियाने ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये उत्तर दिलं ते ४५ फेऱ्यांच्या सिंगलने. जाड दांड्यावर चळत ठेवायची, यंत्र एकेक खाली सोडणार, म्हणून ते भोक. रंगही वाटून दिलेले! पॉप काळा, कंट्री हिरवा, मुलांची गाणी पिवळी आणि काळ्या कलाकारांचं ऱ्हिदम अँड ब्लूज नारिंगी. (म्हणजे इथेही रांग वेगळीच.)

त्या नारिंगी मालिकेतली पहिली रेकॉर्ड आर्थर क्रुडपची, 'दॅट्स ऑल राइट'. गाणं १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं. पुढे १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन कंपनीने एल्व्हिस प्रेस्लीची पहिली सिंगल काढली, ती याच गाण्याची. लेबलवर गाण्याच्या नावाखाली कंसात, बारीक अक्षरांत क्रुडपचं नाव आहे. नाव छापलं, पैसे मात्र नाहीत. १९७४ मध्ये तो वारला तोवर रॉयल्टी त्याच्या हाती धड पडलीच नाही.

असो. सेकंडहँड ढिगाऱ्यातून सिंगल उचलली की मी आधी कंसातलं नाव वाचते. गाणारा कोण, ते दुकानदार सांगतोच.