अर्ध्या शक्तीचा पूर्ण व्यायाम

ई-सायकलला सर्वांत जास्त नाके मुरडतात ती सायकलवर मनापासून प्रेम करणारी माणसे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सायकल म्हणजे स्वतःच्या पायांच्या जोरावर चालणारे वाहन. तिला मोटर जोडली की श्रम मोटरचे झाले, मग व्यायाम कुणाला होणार? चढावर दम लागला पाहिजे, मांड्या भरून आल्या पाहिजेत, शर्ट पाठीला चिकटला पाहिजे. त्यावाचून मिळणारा आनंद उसना. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात हे मत फारच ठामपणे ऐकू येते.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. त्याच्यामागे कष्टांविषयीचा आदर आहे आणि तो आदर मलाही आहे. म्हणूनच त्याचे एकेक अंग नीट तपासायला हवे. माझे प्रतिपादन एवढेच आहे की मोटर श्रमाचे शिखर तेवढे कापते, श्रम शिल्लक ठेवते. आणि बहुतेकांची सायकल सुटली ती त्या शिखरापायीच.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या बॅटरीवरच्या गाडीची अर्ध्या तासाची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, ती आणखी काही अटी पाळत असेल तर मोटार वाहनात मोडत नाही. मात्र पायडल मारलेच पाहिजे, अशी सक्ती त्यात नाही. त्यामुळे आपल्याकडे थ्रॉटलच्या सायकली सर्रास दिसतात. मूठ पिळली की गाडी पळते आणि पायडल शोभेला उरते. तशा गाडीवर मूठ पिळत जाणाऱ्याला व्यायाम होत नाही, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

युरोपातला नियम वेगळा आहे. तिथे सायकल म्हणून मान्यता मिळणाऱ्या गाडीची मोटर सलग २५० वॅटपर्यंतची असते, पायडल फिरत असतानाच साथ देते आणि वेग ताशी २५ किलोमीटर झाला की साथ सोडते. या जातीची सायकल यामाहाने १९९३ मध्ये जपानमध्ये बाजारात आणली. पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मोटरने जोर लावायचा, ही तिच्यामागची कल्पना. तो जोर मोजणाऱ्या भागाला आज टॉर्क सेन्सर म्हणतात. तुम्ही पायडल दाबले नाही तर मोटरही स्वस्थ बसते. माझे मंडन आहे ते या सायकलीचे.

आता ‘श्रम मोटरचे’ या मुद्द्याचा हिशोब मांडू. कोंढव्याहून सासवडकडे जाताना बोपदेव घाट लागतो. घाटातला एखादा टप्पा शंभर मीटरला सहा मीटर चढणारा आहे, असे धरा. स्वार ७० किलोचा. साध्या सायकलीसह ८५ किलो आणि मोटर-बॅटरीमुळे जड झालेल्या ई-सायकलीसह ९२ किलो. पन्नाशी ओलांडलेला, फारसा सराव नसलेला हा माणूस पायडलवर बराच वेळ ९० वॅट टिकवू शकतो, असेही धरू. साध्या सायकलीवर एवढ्या शक्तीत त्याला ताशी जेमतेम सहा किलोमीटर वेग मिळेल. तो वेग चालण्यापेक्षा थोडाच जास्त, आणि त्यात सायकलचा तोलही राहत नाही. मग तो उभे राहून पायडल दाबतो, आपल्या ताकदीच्या दुप्पट जोर लावतो, दोन वळणांनंतर उतरतो आणि सायकल ढकलू लागतो. पुढच्या रविवारी तो घाटाकडे फिरकत नाही.

तोच माणूस ई-सायकलीवर ताशी बारा किलोमीटरने चढतो. त्यासाठी एकूण सुमारे २०० वॅट लागतात. ९० त्याचे, ११० मोटरचे. निम्म्याहून जास्त काम मोटरने केले, हे खरे. पण त्याचे स्वतःचे ९० वॅट होते तेवढेच राहिले! हृदयाला आणि मांड्यांना वेग कळत नाही. त्यांना कळतो तो पायडलवरचा भार. बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तिला एक ‘मेट’ म्हणतात. तीन ते सहा मेट म्हणजे मध्यम श्रम आणि सहाच्या पुढे तीव्र. सत्तर किलोच्या माणसाला ९० वॅटचे पायडल मारायला जवळपास सहा मेट पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम सांगितला. या घाटातली मिनिटे त्यात सरळ जमा होतात.

हिशोब कागदावरचा आहे, असे कुणी म्हणेल. मग माणसांवरचे प्रयोग पाहू. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बैठे जीवन जगणाऱ्या वीस जणांना महिनाभर पायडलला साथ देणाऱ्या सायकली दिल्या आणि आठवड्यातून किमान तीन दिवस चाळीस मिनिटे चालवायला सांगितले. त्यांचे श्रम सरासरी पाच मेटच्या आसपास भरले. महिन्याअखेर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली आणि ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी रक्तात उरणारी साखर कमी झाली. वीस माणसे थोडी आहेत आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही ‘मोटर आहे म्हणजे शरीराला काहीच नाही’ हे विधान या एका प्रयोगानेही कोसळते.

२०१९ मध्ये सात युरोपीय शहरांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरचा अभ्यास आला. ई-सायकलवाल्यांची आठवड्याची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच निघाली. दर किलोमीटरला त्यांचे कष्ट कमी होते, पण त्यांच्या फेऱ्या लांब होत्या. लोकांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवर हा निष्कर्ष उभा आहे, म्हणून तो शेवटचा शब्द नव्हे. पण आक्षेपाची चूक कुठे आहे ते त्यातून दिसते. आक्षेप किलोमीटरमागचे कष्ट मोजतो. शरीराच्या खात्यात आठवड्याची आणि वर्षाची बेरीज जमा होते.

मग ‘दमल्याशिवाय व्यायाम नाही’ या श्रद्धेचे काय? तिला परंपरेचा आधार आहे, असे मानले जाते. पण आपली परंपरा काय सांगते ते पाहावे. सुश्रुतसंहिता आणि वाग्भटाचे अष्टांगहृदय हे दोन्ही ग्रंथ व्यायामाची मर्यादा अर्धी शक्ती अशी घालून देतात. श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला की अर्धी शक्ती खर्च झाली, ही सुश्रुताची खूण. वाग्भट तर थंडी आणि वसंत सोडून इतर ऋतूंत अर्ध्या शक्तीपेक्षाही बेताने घ्यायला सांगतो. अतिव्यायामाने होणाऱ्या विकारांची यादी दोघांनीही दिली आहे. आजचे व्यायामशास्त्र मध्यम श्रमांची जी सोपी कसोटी सांगते, ती या खुणेच्या फार जवळची आहे: बोलता यावे, पण गाता येऊ नये. चढावर साधी सायकल नवख्या माणसाला अर्ध्या शक्तीत थांबूच देत नाही. सपाटीवर तो पाव शक्तीत असतो आणि चढ लागताच पूर्ण शक्तीत फेकला जातो. मोटर त्याला अर्ध्या शक्तीच्या रेषेवर धरून ठेवते.

राहिला फसवणुकीचा आरोप. फसवणूक व्हायला कुणीतरी फसावे लागते. २०१६ मध्ये बेल्जियममध्ये सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत एका सायकलीत लपवलेली मोटर सापडली, ती फसवणूक होती, कारण तिथे दुसऱ्याशी शर्यत होती. सकाळी साडेसहाला एकटा फिरायला निघालेला माणूस कुणाशी शर्यत लावत नाही. शिवाय हा आरोप नवा नाही. चालता चालता बदलता येणाऱ्या गिअरवरही तो झाला होता. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांचा अशा गिअरला कडवा विरोध होता. तगड्या माणसाला असली मदत कशाला, असे त्यांना वाटे. शर्यतीत त्या गिअरना मुभा मिळाली ती १९३७ मध्ये. आज गिअर लावून सिंहगड चढणाऱ्याला कुणी लबाड म्हणत नाही.

माझ्या मंडनाला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. रोज साठ-सत्तर किलोमीटर मारणाऱ्या तरबेज स्वाराने साधी सायकल सोडून सर्वांत जास्त साथीवर ई-सायकल घेतली, तर त्याचा व्यायाम घटेल. वाहन जड असल्याने चढता-उतरताना पडण्याचा धोका वाढतो; ज्येष्ठांनी कमी उंचीच्या फ्रेमची सायकल घ्यावी आणि हेल्मेट घालावेच. सेन्सरही पाहून घ्यावा. पायडल फिरते की नाही एवढेच ओळखणारा स्वस्त सेन्सर असेल, तर पाय हवेत फिरवूनही गाडी पळते. टॉर्क सेन्सर असावा, साथ सर्वांत कमी ठेवावी आणि चढ येईल तेव्हाच एक पायरी वाढवावी.

आणि आनंद? व्यायामाचा विचार करताना आपण त्याला शेवटचे पान वाढतो. माझ्या मते तो पहिल्या पंगतीचा मानकरी आहे. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या पुढच्या लोकांवर आठ आठवड्यांचा एक अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा अर्धा तास सायकल चालवायची होती. मन आणि बुद्धी यांच्या चाचण्यांत ई-सायकलवाले साध्या सायकलवाल्यांच्या मागे पडले नाहीत. मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. आपण जिथवर जातो तिथून परत येता येईल, एवढा भरवसा असला की माणूस अनोळखी फाट्यावर वळतो. वारा समोरून आला, गुडघा कुरकुरला, तरी तो घरात बसत नाही.

माझी साधी सायकल सात वर्षे गॅलरीत उभी होती. तिच्याविषयीचे माझे प्रेम त्या सात वर्षांत तसूभरही कमी झाले नव्हते. बोपदेवच्या दुसऱ्या वळणाला गुडघ्यांनी नकार दिला होता, एवढेच. आता मी दर रविवारी तो घाट ई-सायकलीवर चढतो. माथ्यावर सासवडकडचा वारा लागतो तेव्हा कपाळावर घाम असतो, छाती भरून आलेली असते. कुणी थांबवून काही विचारले तर उत्तर देता येते, पण गाणे म्हणता येत नाही.